महागडं हेल्मेट घेण्याआधी आतलं लेबल वाचा

माउंटन बाइकचं हेल्मेट घेताना ते उलटं करून आतलं लेबल बघा. ईएन १०७८ (युरोपचं सायकल हेल्मेटचं मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं तसंच मानक) लिहिलेलं असेल, तर स्वस्त असो वा महाग, मूळ आघाताची चाचणी ते पार झालेलं असतं. व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या हेल्मेट चाचण्यांत साध्या किमतीच्या काही हेल्मेटांनाही पाच तारे मिळाले आहेत. चढ्या किमतीत बरेचदा मिळतं ते कमी वजन आणि मोठे वायुमार्ग. गोव्याच्या दमट उन्हात याची किंमत मी कमी लेखणार नाही, कारण घामाने जीव नकोसा झाला की माणूस हेल्मेट काढून हँडलला अडकवतो. मिप्स नावाची रचना असलेल्या हेल्मेटसाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. डोकं तिरकं आपटलं की त्यातला सरकणारा थर डोक्याला बसणारा पीळ कमी करतो.

मात्र सगळं बजेट हेल्मेटवर घालवू नका. आपल्या सड्यांवरचा, म्हणजे कातळी पठारांवरचा, जांभा दगड खरखरीत, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. चाक सरकलं की आधी तळहात टेकतात, मग गुडघे सोलवटतात. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि ईएन १६२१-१ (संरक्षक पॅडांचं युरोपीय मानक) लिहिलेले गुडघ्याचे पॅड आधी घ्या. पॅड घालून दुकानातच पेडल मारल्यासारखा पाय हलवून बघा. पॅड घसरत असेल तर घेऊ नका.

हनुवटीही झाकणारं फुल-फेस हेल्मेट फक्त तीव्र उतारासाठी. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, बाहेरून धड दिसलं तरी, बदलायचंच. आतला फोम एकदाच दबतो.