जुन्या जीपमधलं इंजिन मूळचं आहे का, ते कसं ओळखायचं

आजोबांनी मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेली विलीज जीप मी शेडमधून बाहेर काढली, तेव्हा बॉनेटखाली मॅटाडोरचं डिझेल इंजिन होतं. पेट्रोल परवडेना म्हणून काकांनी बसवलेलं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपांची हीच गत झाली. मूळ जातीचं इंजिन शोधताना एकदा चांगलाच फसलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून बघायचं काय आणि कुठे, ते सांगतो.

आधी आकार बघा. १९४१ ते १९४५ मधल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपा, दोन्हींत एकच इंजिन: चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. त्याचं हेड सपाट असतं. वर फक्त स्पार्क प्लग दिसतात, टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) नसतं. व्हॉल्व्ह सगळे खाली ब्लॉकच्या कुशीत आणि कार्बोरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर (इंजिनला जोडलेल्या नळ्यांवर). कव्हर हेडच्या वर दिसलं, तर ते नंतरचं, सीजे-३बी या युद्धानंतरच्या जीपमधलं इंजिन. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि १९५३ मध्ये त्यासाठी बॉनेटच उंच करावं लागलं. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच उंच बॉनेट बनवलं, म्हणून बाजारात ही इंजिनं जास्त सापडतात. बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) मोजत बसू नका, दोन्हींचा सारखाच आहे.

आकार जुळला की नंबर. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा उंचवटा असतो, त्यावर तो ठोकलेला असतो. सत्तर-ऐंशी वर्षांचं ऑईल आणि धूळ मिळून तिथे डांबरासारखा थर झालेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा, मग पितळी ब्रशने हळू घासा. स्टीलचा ब्रश, पॉलिश पेपर आणि कानस यांना हात लावू नका. तुम्हीच खरवडलंत तर पुढचा माणूस तुमच्याच इंजिनावर संशय घेईल. मग आरटीओसाठी घेतो तसा पेन्सिल प्रिंट घ्या: वर कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी फिरवायची. डोळ्यांना न दिसणारा आकडाही कागदावर उमटतो.

आकड्याआधी एमबी असेल तर विलीजचं, जीपीडब्ल्यू असेल तर फोर्डचं. नुसतं ‘जे’ (J) हे अक्षर असेल तर ते युद्धानंतरच्या सीजे-२ए या जीपचं.

इथे पुष्कळ लोक एक चूक करतात. विलीजने चॅसिस आणि इंजिनला वेगवेगळे नंबर दिले होते. एमबीचे दोन नंबर जुळत नाहीत म्हणून इंजिन बदललंय असं म्हणणारा माणूस गाडी स्वस्तात मागतोय, एवढंच समजा. फोर्डमध्ये मात्र इंजिनचा नंबर चॅसिसच्या डाव्या पट्टीवर, वरच्या अंगाला, पुढे, तसाच ठोकलेला असे. तो जुळला तर अशी गाडी सोडू नका.

आता माझी फसवणूक. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका भंगारवाल्याकडे एमबी नंबरचं इंजिन मिळालं, आकडे छान स्वच्छ. तिथेच थांबायला हवं होतं. घरी आणून टॉर्च आडवा धरला, तेव्हा उंचवट्यावर ग्राइंडरच्या बारीक समांतर रेघा दिसल्या. भोवतीचं बिडाचं लोखंड खडबडीत, काळपट आणि नंबराची जागा तेवढी आरशासारखी. अंक लोखंडात नवेच बसल्यासारखे, त्यांच्या खाचांत मळाचा कणही नाही. मिस्त्रींनी पुढचं टायमिंग कव्हर (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेन किंवा गियरवरचं झाकण) उघडलं तर आत गियर. युद्धातल्या इंजिनात तिथे चेन असते, गियर १९४६ मध्ये आले. नंतरचाच ब्लॉक, नंबर घासून नवा ठोकलेला. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून सौदा करण्याआधी टॉर्च आडवा धरून ती जागा बघाच आणि मालक तयार असेल तर टायमिंग कव्हर उघडायला लावा. एकट्या चेन-गियरवर निकाल देऊ नका, दुरुस्तीत पुष्कळ काही बदललं जातं. पण घासलेली जागा आणि आत गियर असं दोन्ही दिसलं, तर उठून या.

कागदही हवाच. आरसी बुकात जुना इंजिन नंबर राहिलेला असतो. आमच्या आजोबांच्या बुकात शाई फिकटली होती, पण एमबी ही अक्षरं आणि पहिले तीन आकडे वाचता आले. आता कुठे ब्लॉक सापडल्याचं कळलं, की त्या पानाची झेरॉक्स, पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन निघतो.