सिंथसायझरवर केरवा आणि अर्पेजिओ कसा बसवावा

गणेशोत्सवात पुण्यातील वाद्यवृंदाला भावगीतापासून लावणीपर्यंत सारे वाजवावे लागते, आणि कीबोर्डमधील तयार ऱ्हिदम तेथे बहुधा परके वाटतात. म्हणून निदान केरवा हा आठ मात्रांचा ताल तरी स्वतः बसवावा.

स्टेप सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे एकेका घरात (स्टेपमध्ये) आघात भरून ठेका बसवण्याच्या सोयीत, 4/4 चा एक बार (चार ठोक्यांचे एक आवर्तन) 16 स्टेपचा ठेवला, की केरव्याच्या 8 मात्रांना प्रत्येकी दोन स्टेप मिळतात. ‘धा गे ना ती, न क धी ना’ हे बोल आधी कागदावर मांडावेत. डग्ग्याचा खर्ज स्टेप 1, 3 आणि 13 वर येतो, तर पाचव्या मात्रेला, म्हणजे स्टेप 9 ला, खाली (तालातील डग्ग्याविना वाजणारी जागा) असल्याने तेथे खर्ज कटाक्षाने टाळावा. तबल्याचे आवाज नसल्यास जनरल मिडीच्या (कीबोर्डमधील आवाजांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) चॅनेल 10 वरील लो काँगा (नोट 64) डग्ग्यासाठी आणि म्यूट हाय काँगा (नोट 62) ‘ना’साठी चालतो. समेची (पहिल्या मात्रेची) व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताचा जोर, 110 च्या आसपास, खालीची 70 ठेवावी. सगळे आघात सारखे ठेवले तर ठेका निर्जीव वाटतो. सोळांशाचा स्विंग (लयीला झोका देणारी सोय) 2, 4, 6 अशा सम क्रमांकाच्या स्टेपनाच मागे सरकवतो आणि वरचे बोल विषम स्टेपवर आहेत, त्यामुळे मधले भरीचे बोल घातल्याशिवाय तो ऐकूच येणार नाही.

अर्पेजिओ, म्हणजे धरलेल्या कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवणारी सोय, टेंपोशी सिंक करून (लयीशी जुळवून) 1/8 वर, म्हणजे एका बारमध्ये आठ सूर येतील असा, ठेवावा. तीन सुरांचा कॉर्ड धरल्यास समेवरचा सूर दर बारला बदलतो आणि तीन बारनंतरच मूळ जागी येतो. चार सूर धरल्यास तो प्रत्येक बारमध्ये नेमका बसतो. यंत्र बंद करण्यापूर्वी पॅटर्न यूजर मेमरीत साठवावा.