न भुंकलेला कुत्रा आणि उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र

शेरलॉक होम्सच्या १८९२ सालच्या एका कथेत रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो, पण राखणीचा कुत्रा भुंकत नाही. होम्स तिथेच अडतो: म्हणजे आलेला माणूस ओळखीचा होता. पुढाऱ्यांच्या भाषणांवर हे तंत्र चालत नाही, तिथे सगळेच भुंकत असतात. प्रतिज्ञापत्रावर मात्र झकास चालतं.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून एकाच उमेदवाराचे दोन ‘नमुना २६’, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रं, उतरवून घ्या. समजा, २०१९ आणि २०२४ च्या विधानसभेचे. वहीत दोन रकाने आखा, तेव्हा आणि आता. जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, देणी, प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न, प्रलंबित खटले ओळीने उतरवा. एकूण बेरीज सगळ्यांत शेवटी. बातमी तिच्यावरच होते आणि चकवाही तिथेच बसतो. सोन्याचंच बघा. दोन्ही वेळा ३०० ग्रॅम लिहिलेलं असलं तरी किंमत जवळपास दुप्पट दिसेल, कारण मधल्या काळात भावच तेवढा चढला. तेव्हा आधी ग्रॅम आणि गुंठे जुळवा, रुपयांकडे मग वळा. जमिनीपुढे वडिलोपार्जित की विकत घेतलेली, खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत हे लिहावं लागतं. गट क्रमांक दिलेला असेल तर सातबारा काढून क्षेत्र ताडून पाहा.

आता कुत्रा. आधी होतं आणि आता नाही, असं काय आहे? रकाना कोरा ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ‘निरंक’ हेही शपथेवरचं उत्तर. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पण लगेच बेड्या बाहेर काढू नका. मुलाच्या नावचा फ्लॅट गायब असेल, तर कदाचित मुलगा कमावता झाला असेल. नमुन्यात पती-पत्नी आणि हिंदू अविभक्त कुटुंबाखेरीज जागा आहे ती अवलंबितांना. पूर्ण कायदेशीर, आणि आमच्या मते सगळ्यांत सोयीची पळवाटही हीच. उमेदवाराच्या स्वतःच्या नावची जमीन गेली असेल तर पैसा कुठेतरी उमटायला हवा: बँकेतली शिल्लक वाढलेली, कर्ज उतरलेलं, दुसरी खरेदी. यातलं काहीच दिसलं नाही, तर वहीत प्रश्नचिन्ह टाका. निकाल लिहू नका. बक्षीसपत्र किंवा वाटणीही झालेली असू शकते.

बहुतेकांचं चुकतं ते खलनायक आधी ठरल्यामुळे. मग पुरावे त्याच्याच अंगाला बसतील असे कापले जातात. म्हणून पहिला तक्ता, आपण ज्याला मत दिलं त्याचा करा.