घरगुती व्हिडिओ पाठवण्याजोगे लहान कसे करावेत

संक्रांतीच्या दिवसांत सोलापूरकरांच्या फोनमधली जागा हमखास संपते. सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक, भोगीला संमती कट्ट्यावर होणारा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम हे सारे घराघरांतून टिपले जाते आणि मग ते पुण्या-हैदराबादला किंवा परदेशात राहणाऱ्या नातलगांना पाठवायचे असते. बहुतेक जण मूळ व्हिडिओ तसाच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. तेथे तो आपोआप दाबला जातो आणि पलीकडच्या माणसाला चेहरे पुसट व अक्षतांच्या जागी राखाडी धूसरपणा दिसतो. फाइल लहान करायची म्हणजे चित्रातील काही माहिती टाकून द्यावीच लागते. मात्र काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय ज्याने चित्रीकरण केले त्याने घ्यावा, अ‍ॅपवर सोपवू नये, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारे हँडब्रेक हे साधन मोफत आहे आणि पद्धत एका संध्याकाळी शिकता येते.

फाइल एवढी मोठी का होते

आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये दिलेल्या अंदाजानुसार १०८०पी दर्जाच्या (चित्रात ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळी), सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे ३० स्थिर चित्रांच्या, एका मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात. ४के, म्हणजे त्याच्या चौपट ठिपके, निवडल्यास हाच आकडा १७० एमबींच्या घरात जातो, आणि जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या एच.२६४ पद्धतीत तो ३५० एमबी होतो. म्हणजे ४केमधील दहा मिनिटांची मिरवणूक दीड ते साडेतीन जीबी खाते.

व्हिडिओ दाबणारी प्रणाली, जिला कोडेक म्हणतात, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. ती अधूनमधून एक फ्रेम पूर्ण ठेवते आणि पुढच्या फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदलले तेवढेच बहुतांशी नोंदवते. त्यामुळे आजोबा खुर्चीत बसून आठवणी सांगत आहेत आणि फोन स्टँडवर स्थिर आहे, असा व्हिडिओ अगदी थोड्या जागेत मावतो. अक्षता सोहळ्याचे मात्र उलट आहे: हजारो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेने उडतात, गर्दीतला प्रत्येक जण हलत असतो, आणि आधीच्या फ्रेममधून उसने घेण्यासारखे फारसे काही उरत नाही. दारूकामाचेही तसेच. अंधारातील चित्रीकरणात दिसणारी बारीक रवाळ खळबळदेखील फ्रेमगणिक बदलते, म्हणून डोळ्यांना नकोशी असलेली ती खळबळ साठवण्यातच बरीच जागा खर्ची पडते. यातून एक गोष्ट चित्रीकरणाच्या वेळीच पाळता येते. फोन गच्चीच्या कठड्याला किंवा भिंतीला टेकवून धरावा. हात हलला की मागे वाळत घातलेल्या चादरीवरची बारीक नक्षीसुद्धा प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने नोंदवावी लागते.

काम सुरू करण्यापूर्वी

सर्वांत आधी मूळ फाइल केबलने संगणकावर उतरवून घ्यावी आणि शक्य असल्यास वेगळ्या हार्ड डिस्कवर तिची एक प्रत ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत मूळ समजू नये. दाबलेली फाइल पुन्हा दाबली की पहिल्या वेळची हानी तशीच राहते आणि तिच्यात नवी भर पडते. म्हणून प्रत्येक नवी प्रत मूळ फाइलवरूनच तयार करावी.

मग कात्री चालवावी. खिशात जाताना चालू राहिलेला कॅमेरा, मिरवणूक येण्याआधीची वाट पाहणे, पुन्हापुन्हा टिपलेले तेच दृश्य हे सारे फोनमधल्याच संपादकात कापता येते. ज्यांना हा व्हिडिओ पाठवायचा आहे त्यांच्या दृष्टीनेही बारा मिनिटांपेक्षा नेमकी पाच मिनिटे बरी, आणि लांबी निम्मी झाली की दर्जाला धक्का न लागता आकारही जवळपास निम्मा होतो.

त्यानंतर व्हिडिओ कोठे जाणार हे ठरवावे, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर अवलंबून आहेत. जीमेलला जोडायच्या फाइलची मर्यादा २५ एमबी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते, आणि ही सोय अनेकांना अजूनही ठाऊक नसते. गुगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबी मोफत जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो यांत मिळून वापरली जाते. यूट्यूब आपल्याकडून आलेला व्हिडिओ स्वतः पुन्हा दाबते. म्हणून तेथे फार लहान फाइल देऊ नये, तर १०८०पीसाठी यूट्यूबच सुचवते त्या सेकंदाला सुमारे ८ मेगाबिटच्या (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) आसपास ठेवावी. घरच्यांपुरता व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवला की दुवा असलेल्यालाच तो सापडतो. मात्र तो दुवा पुढे कोणी कोणाला देईल यावर आपले नियंत्रण राहत नाही.

हँडब्रेकमधील पायऱ्या

हँडब्रेक हा विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. तो त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. ‘ओपन सोर्स’वर क्लिक करून फाइल निवडावी आणि प्रीसेटच्या, म्हणजे तयार सेटिंगच्या, यादीतून ‘फास्ट १०८०पी३०’ घ्यावा. फोनवरच पाहिला जाणार असेल तर ‘फास्ट ७२०पी३०’ पुरेसा आहे. ४केवरून १०८०पीवर आल्यावर चित्रातील ठिपके एक चतुर्थांश होतात आणि ७२०पीवर एक नवमांश, त्यामुळे सर्वांत मोठी बचत येथेच होते.

‘समरी’मध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवून ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकटीत खूण करावी. त्यामुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटी न राहता सुरुवातीला येते आणि संपूर्ण फाइल उतरण्याची वाट न पाहता व्हिडिओ सुरू होतो. ‘व्हिडिओ’मध्ये एन्कोडर, म्हणजे दाबण्याची पद्धत, एच.२६४ निवडावा. त्यानंतरचा एच.२६५ तितक्याच दर्जासाठी जवळजवळ निम्मी जागा घेतो हे खरे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असलेल्या जुन्या फोनवर किंवा टीव्हीवर तो चालेलच असे नाही, आणि जो व्हिडिओ उघडत नाही तो कितीही लहान असून उपयोग नाही. २००३ सालचा एच.२६४ आज जवळजवळ प्रत्येक उपकरणावर चालतो. फोन फ्रेमचा वेग स्वतःहून कमी-जास्त करत असल्याने, पुढे संपादन करताना आवाज आणि चित्र यांची गाठ सुटू नये म्हणून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडलेला बरा.

आता मुख्य निर्णय. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’च्या पट्टीवर आरएफ नावाचा आकडा दिसतो, तो जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८०पीसाठी २० ते २४ आणि ७२०पीसाठी १९ ते २३ ही हँडब्रेकच्या मार्गदर्शिकेत सुचवलेली मर्यादा आहे. आकडा सहाने वाढवला की आकार साधारण निम्मा होतो. येथे अंदाजाने पुढे जाऊ नये. ‘रेंज’मध्ये सेकंद देऊन व्हिडिओतील सर्वांत अवघड अर्धे मिनिट, म्हणजे अक्षता उधळल्या जातात तो किंवा आतषबाजीचा भाग, तेवढाच २०, २२ आणि २४ अशा तीन आकड्यांवर तयार करावा आणि ज्या पडद्यावर पाहिला जाणार त्यावरच तो पाहावा. अवघड भाग नीट उतरला की बाकीच्याची चिंता उरत नाही. रात्रीच्या चित्रीकरणासाठी ‘फिल्टर्स’मधील ‘डीनॉइज’ हे रवाळ खळबळ कमी करणारे फिल्टर हलक्या मात्रेत लावावे. जास्त लावले की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. ‘एन्कोडर प्रीसेट’ ‘स्लो’ ठेवल्यास वेळ अधिक लागतो, पण त्याच आकारात चित्र सहसा चांगले येते.

आवाजासाठी एएसी ही पद्धत आणि १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) ठेवावे. त्याला मिनिटाला जेमतेम १ एमबी लागतो, त्यामुळे तेथे काटकसर करू नये; ‘हर्र बोला हर्र’चा घोष फाटका ऐकू आला तर चित्र कितीही स्वच्छ असले तरी यात्रा पोहोचत नाही. शेवटी ‘स्टार्ट एन्कोड’ दाबावे.

ठरावीक आकारात बसवायचे असेल तर गणित सोपे आहे. हवे असलेले एमबी गुणिले ८, भागिले सेकंद, की सेकंदाला किती मेगाबिट वापरता येतील ते कळते. तीन मिनिटांचा व्हिडिओ २५ एमबीत हवा असेल तर २०० मेगाबिट भागिले १८० सेकंद, म्हणजे सुमारे १.१ येतात, ईमेलमध्ये जोडताना फाइल काहीशी फुगते आणि आवाजही वजा करावा लागतो, म्हणून चित्राला ०.८ द्यावे. ‘अ‍ॅव्हरेज बिटरेट’मध्ये ८०० (०.८ मेगाबिट म्हणजे ८०० किलोबिट) भरून ‘मल्टी-पास’ निवडावे आणि आकारमान ४८०पीवर आणावे.

जुन्या कॅसेट

लग्नाच्या किंवा बारशाच्या मिनी-डीव्ही कॅसेटवरून संगणकात घेतलेली फाइल तासाला सुमारे १३ जीबी भरते. तिचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि आडव्या रेषांच्या दोन संचांत विभागलेले असते, त्यामुळे हालचाल होताच कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ‘डीइंटरलेस’ फिल्टर लावल्याशिवाय अशी फाइल दाबू नये, कारण त्या रेघा दाबल्यानंतर काढणे फार कठीण जाते. आकारमान ७६८ बाय ५७६ केले की माणसे ताणलेली किंवा चेपलेली दिसत नाहीत. ते वाढवून १०८०पी करू नये: त्यात नवे तपशील येत नाहीत, फक्त आकार वाढतो.

पाठवण्यापूर्वी तयार फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पाहून आवाज ओठांशी जुळतो का ते तपासावे. फोनमधील व्हिडिओत चित्रीकरणाची जागाही नोंदलेली असू शकते. घरातली लहान मुले दिसत असतील आणि दुवा अनोळखी लोकांपर्यंत जाण्याची शक्यता असेल, तर ही नोंद काढून टाकावी. आयफोनवर शेअर करताना ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन बंद करता येते, इतर फोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चित्रीकरणापूर्वीच बंद ठेवावे.