लॉटमधले क्रीम-शाम्पू घेताना

मोठ्या दुकानांत न खपलेला किंवा ऑनलाइन परत आलेला माल खोक्यांच्या हिशेबाने स्वस्तात विकला जातो. असा क्रीम, शाम्पू, व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा लॉट जळगाव-धुळ्याकडे घेणार असाल, तर भावाआधी एकच गोष्ट विचारा: उन्हाळ्यात माल कुठे ठेवला होता? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या गोदामात भाजलेलं सनस्क्रीन मुदतीत असूनही नीट काम करेलच असं नाही. एक ट्यूब उघडून हातावर पिळा. आधी पाणी सुटलं आणि मागून गोळे आले, तर तो लॉट सोडा. व्हिटॅमिन सी सीरम तपकिरी झालं असेल तरी तेच.

मग तारीख बघा. छापील तारखेवर स्टिकर असेल तर तो सोलून पाहा, छपाई पुसट किंवा खरवडलेली वाटली तर खालच्या थरातलेही दोन-चार डबे काढून बघा. वरचा थर नेहमी चांगलाच लावलेला असतो! बॅच नंबर, उत्पादकाचं नाव-पत्ता हवाच; परदेशी मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक, पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिटॅमिनच्या डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक.

काजळ, मस्करा, लिपस्टिकचं सील तुटलेलं असेल तर फुकटही घेऊ नका, डोळ्या-ओठांचा प्रश्न आहे. साबण, कंगवे, कापूस यांत धोका कमी. आणि पक्कं बिल घ्याच.