पपेटवरून अॅन्सिबलवर आल्यावर एनजिनेक्स जुन्याच सेटिंगवर अडकला: माझा अनुभव

पपेट आणि अॅन्सिबल ही सर्व्हरची मांडणी आपोआप करणारी साधनं, एनजिनेक्स हा वेब सर्व्हर. लक्षण असं: सर्व्हरवर कॉन्फिग (सेटिंगची) फाइल नवी, प्लेबुक (अॅन्सिबलच्या टास्कची यादी) चालवलं की सगळं हिरवं 'ओके', पण साइट जुनंच प्रमाणपत्र दाखवते. 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) पाहिलं तर एनजिनेक्सच्या वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या) प्रोसेस फाइल बदलण्याआधीच सुरू झालेल्या. पपेटचे मॅनिफेस्ट (त्याच्या सूचनांच्या फाइली) स्क्रिप्टने अॅन्सिबलमध्ये बदलून घेतल्यापासूनचा हा प्रकार.

प्लेबुक पुन्हा चालवलं, टास्कचा क्रम बदलला, 'चेंज्ड_व्हेन: ट्रू' लावलं, म्हणजे टास्कने बदल केला असं नेहमीच धरायचं (मग दर वेळी उगाच रिलोड, म्हणजे सेटिंग पुन्हा वाचणं). दोन रात्री यात गेल्या, जीव मेटाकुटीला आला.

खरं कारण रूपांतरात हरवलं होतं. पपेटमध्ये दुसरीकडे, संबंध नसलेल्या ठिकाणी चूक झाली तरी 'नोटिफाय' केलेली (बदलाची खबर दिलेली) सर्व्हिस त्याच फेरीत रिफ्रेश होते. अॅन्सिबलचे हँडलर (नोटिफाय झाल्यावरच चालणारे टास्क, इथे एनजिनेक्सचं रिलोड) शेवटी चालतात. मधला एखादा टास्क पडला (फसला) की त्या होस्टवर (सर्व्हरवर) हँडलर चालतच नाहीत. पुढच्या वेळी फाइल आधीच नवी, म्हणून नोटिफायही होत नाही. शब्द दोन्हीकडे तोच, वागणं वेगळं. स्क्रिप्टला ते कळणं शक्य नाही.

आधी अडकलेल्या प्रत्येक होस्टवर 'एनजिनेक्स -टी' चालवून फाइल तपासली आणि एकदा हाताने रिलोड केलं. हे चुकवू नका, नंतरची दुरुस्ती जुनं अडकलेलं सोडवत नाही. मग टेम्पलेटच्या (कॉन्फिग फाइल बनवणाऱ्या) टास्कच्या लगेच खाली 'मेटा: फ्लश_हँडलर्स' घातलं, म्हणजे नोटिफाय झालेले हँडलर तिथेच चालतात. शेवटी प्लेच्या (प्लेबुकच्या एका भागाच्या) पातळीवर 'फोर्स_हँडलर्स: ट्रू', म्हणजे टास्क पडला तरी हँडलर चालतात. खात्रीसाठी टेम्पलेटमध्ये एक ओळ बदलली, पुढे मुद्दाम पडणारा टास्क ठेवला. प्लेबुक पडलं, पण वर्कर नवे होते.