मित्राने बनवलेल्या ट्रॅकवर मत देताय? या चुका टाळा

घरी बसून एफएल स्टुडिओ किंवा एबलटन अशा संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर ट्रॅक बनवणाऱ्याला बहुतेक वेळा दोनच प्रतिक्रिया मिळतात. एक, ‘भावा, एक नंबर!’ आणि दुसरी, ‘बेस जरा कमी वाटतोय.’ पहिलीने काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. दुसरी जास्त महागात पडते. ट्रॅक बनवणारा लगेच बेस ४ डीबीने (डेसिबलने) वाढवतो, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं साधन) आणखी दाबतो आणि बरा चाललेला मिक्स (सगळ्या आवाजांचा मेळ) चिखल होऊन बसतो. सांगणाऱ्याने ट्रॅक ऐकलेला असतो फोनवर.

आधी आपलं ऐकणं तपासा

फोनचा स्पीकर साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. हाउस किंवा टेक्नो या नाचाच्या संगीतातल्या किकचा (दर ठोक्याला वाजणाऱ्या जाड ड्रमचा) मूळ सूर ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे फोनवर ऐकून बेस कमी आहे की जास्त, हे सांगताच येत नाही. फोनवर एवढंच तपासता येतं: बेसची चाल ओळखू येते का? येत नसेल तर तसं जरूर सांगा. त्यावरचा उपाय बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) लावणं हा आहे. त्याने वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले उपसूर) तयार होतात आणि खालचा सूर प्रत्यक्ष वाजला नाही तरी कान तो भरून काढतो. आवाज वाढवून हे साधत नाही.

स्पीकर चांगले असले म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. आपल्याकडे बहुतेकांची खोली १० बाय १० ची. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत पहिली घुमणारी वारंवारता ५६ हर्ट्झच्या आसपास येते, नेमकी किकच्या जागी. खोली चौकोनी असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तीच घुमते. भिंतीला टेकून बसलात तर ढणढणाट, मधोमध बसलात तर किक गायब. म्हणून बेसबद्दल तोंड उघडण्यापूर्वी ट्रॅक चालू ठेवून खोलीत फिरा. पावलागणिक बेस बदलत असेल तर दोष खोलीचा आहे. मग वायरच्या हेडफोनवर ऐकून ठरवा.

तिसरी गफलत आवाजाच्या पातळीची. मित्राचा ट्रॅक एखाद्या प्रसिद्ध झालेल्या ट्रॅकशेजारी लावला की तो फिका वाटणारच. क्लबसाठी मास्टर केलेला (शेवटचा हात फिरवून मोठा केलेला) ट्रॅक बरेचदा −८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा) आसपास असतो, मास्टर न केलेला −१६ च्या. एवढ्या फरकात तुलना होत नाही, कारण थोडा मोठा आवाजही कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. शिवाय हळू आवाजात कानाला खालचे सूर तुलनेने कमीच ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. दोन्ही ट्रॅक एकाच प्रोजेक्टमध्ये टाका, यूलीनसारख्या मोफत लाउडनेस मीटरवर दोन्हींचा आकडा बघा आणि जेवढा फरक असेल तेवढा प्रसिद्ध ट्रॅक खाली आणा. मित्राचा वर नेऊ नका.

फाइलचं म्हणाल तर व्हॉइस नोट किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगवर मत देऊ नका. त्यात वरचे सूर कापले गेलेले असतात. २४ बिट वेव्ह (न दाबलेली, पूर्ण दर्जाची फाइल) मागवा, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

न विचारता सुरुवात करणं

ट्रॅक डीजे सेटसाठी आहे की रीलसाठी, हे कळल्याशिवाय ‘इंट्रो लांबलाय’ म्हणण्यात अर्थ नाही. डीजेला मिसळायला १६ ते ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) फक्त ताल लागतो. रीलला तेवढा वेळच नसतो. तीन गोष्टी विचारा: कशासाठी बनवलाय, कोणता ट्रॅक डोळ्यांसमोर होता, आणि त्याला स्वतःला कुठे अडल्यासारखं वाटतंय. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात अर्धं काम होतं.

मांडणी सोडून ईक्यूवर (वरचे-खालचे सूर कमीजास्त करण्यावर) बोलणं

हाय-हॅट (झांजेसारखा बारीक आवाज) २ डीबीने कमी कर, हे सांगणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच सांगतात. पण ड्रॉपच (बीट पूर्ण जोरात सुरू होते ती जागा) उशिरा येत असेल तर तो हाय-हॅट नंतर राहणार आहे की नाही हेच ठरलेलं नसतं. आधी मांडणी, मग आवाजांची निवड, मग मिक्स. मास्टरिंगबद्दल तर बोलूच नका. पहिल्या आवृत्तीवर त्याची गरज नसते.

मांडणीबद्दल बोलताना बार मोजा. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) १६ बार म्हणजे नेमके ३० सेकंद. ‘मध्ये कंटाळा येतो’ याऐवजी ‘१:०० ते २:०० या ३२ बारमध्ये नवीन काहीच येत नाही, जातही नाही’ असं सांगितलं तर तो प्रोजेक्ट उघडून थेट त्या जागी जाईल.

रोग न बघता औषध देणं

ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. किक दबल्यासारखी वाटली की सल्ला तयार असतो: ‘साइडचेन लाव’, म्हणजे किक वाजताना बेस आपोआप खाली जाईल असं कर. पण किक दबण्याची कारणं निदान चार आहेत आणि साइडचेनने त्यातलं एखादंच सुटतं. त्याला हे करायला सांगा:

बेस म्यूट कर. किक लगेच मोकळी झाली तर दोघं एकाच जागेवर भांडतायत. मग साइडचेन चालेल, किंवा किकची शेपटी छोटी करून बेसला जागा देता येईल. १२८ ला एक बीट ४६९ मिलिसेकंदांची. किक त्यातले ३०० घेत असेल तर ऑफबीटवरच्या (दोन ठोक्यांच्या मधोमध येणाऱ्या) बेसला श्वास कुठून मिळणार?

बेस म्यूट करूनही फरक पडला नाही तर मास्टरवरचा (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवरचा) लिमिटर बंद कर. आता किक उसळली तर लिमिटरच तिचं डोकं छाटत होता. लिमिटर काढल्यावर मास्टर लाल होत असेल तर सगळे चॅनल मिळून खाली घे, शिखरं −६ डीबीच्या आसपास आण. प्रोजेक्टच्या आत लाल दिवा फारसं नुकसान करत नाही, पण २४ बिट वेव्ह काढताना वरचा भाग कायमचा कापला जातो.

तरीही किक मेलेलीच असेल तर किकवर दोन सॅम्पल एकमेकांवर चढवलेत का ते बघ. एकाचा फेज उलटा करून (ध्वनिलहरीची वरखाल बाजू उलटवून) ऐक; वजन वाढलं तर दोन्ही एकमेकांना खात होते. यापैकी काहीच नसेल, तर सॅम्पलच चुकीचं आहे. ते बदलणं हाच इलाज, ईक्यूवर तासभर घालवू नये.

असंच ‘सगळं गढूळ वाटतंय’ याचं. बहुधा २०० ते ५०० हर्ट्झमध्ये पॅड (मागे लांब धरलेले सूर), बेसचे हार्मोनिक आणि रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) एकत्र साचलेले असतात. रिव्हर्बवर २५० च्या खाली कट लावून बघ, एवढं सांगणं पुरे. आणि ड्रॉप हेडफोनवर भव्य, पण स्पीकरवर पोकळ वाटत असेल तर मास्टर मोनो करून (डावा-उजवा आवाज एक करून) ऐकायला सांगा. लीड (मुख्य धून) गायब झाली तर ती कृत्रिमरीत्या रुंद केलेली आहे. अनेक छोटे ब्लूटूथ स्पीकर मोनोच असतात, त्यामुळे हा दोष ऐकणाऱ्यांपर्यंत पोचतोच.

मराठी रीमिक्स ऐकताना

इथे परदेशी ट्यूटोरियलमधले निकष तोकडे पडतात. ढोलकीच्या शाईला ठरलेला सूर असतो. लूप दुसऱ्या पट्टीतला असेल तर ‘काहीतरी खटकतंय’ असं वाटत राहतं आणि दोष उगाच गायिकेच्या माथी मारला जातो. लूप एक-दोन सेमिटोन सरकवून बघायला सांगा. त्याहून जास्त सरकवला तर ढोलकी डबा वाजल्यासारखी होते, तेव्हा दुसरा लूप शोधावा.

कोळीगीतांचा ठेका बहुधा सहा मात्रांच्या अंगाचा, डुलणारा. त्यावर बीटमागे ४ सरळ हाय-हॅट टाकले की गाणं अडखळतं. ३ टाकले की बसतं. जुन्या ध्वनिमुद्रणात क्लिक (वादकांना लय देणारा यंत्राचा ठोका) नसल्याने लय थोडी मागेपुढे होते. सुरुवात जुळते, मिनिटभराने टाळी आणि किक वेगवेगळ्या पडतात. ‘ताल सुटतो’ एवढंच न म्हणता कुठल्या सेकंदापासून ते सांगा, म्हणजे तो तिथून दर ४ बारला वॉर्प मार्कर (ध्वनी ताणून ठोक्याशी जुळवणारी खूण) लावेल.

किती आणि कसं लिहायचं

पंधरा मुद्दे पाठवले की त्यातला एकही होत नाही. तीन पुरेत, आणि काय हलवू नये तेही लिहा, नाहीतर चांगलं असलेलंच तो आधी बदलतो. आवडनिवड आणि दोष वेगळे ठेवा. ‘मला ॲसिड लीड आवडत नाही’ हे मत आहे, दुरुस्ती नव्हे. संदेश साधारण असा असावा:

‘०:४५ चा ब्रेकडाउन तसाच ठेव, कोरसची एंट्री मस्त आहे. १:१५ ला ड्रॉपमध्ये किक दबते. बेस म्यूट करून बघ आणि काय होतं सांग. १:४५ ते २:१५ मध्ये काही बदलत नाही, निदान ८ बारनंतर काहीतरी काढ. २:३० चा स्नेअर कानाला टोचतो, ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास. वायरच्या हेडफोनवर ऐकलंय.’

शेवटचं वाक्य विसरू नका. त्यावरून तुमच्या मताला किती वजन द्यायचं ते त्याला ठरवता येतं.

दुसरी आवृत्ती आली की तीच जागा, तेच हेडफोन, तीच पातळी. आधीचे तीन मुद्दे सुटले का तेवढंच आधी सांगा. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख टाकायला लावा, नाहीतर ‘फायनल’, ‘फायनल नवा’ आणि ‘फायनल खरा’ यांतल्या नेमक्या कुठल्या फाइलवर बोलणं चाललंय हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.